राज्याचं विद्यापीठ आधी राज्यातल्या मुलांचं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी तुमचा पेपर गेली बरीच वर्षं ऑनलाइन वाचते, राहते कॅलिफोर्नियात, बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास. जून-जुलै आला की तुमच्याकडे अ‍ॅडमिशनचा विषय सुरू होतो, स्थानिक मुलांना आधी घ्यायचं की नाही यावर वाचकांची पत्रं येतात, आणि त्यातल्या एक-दोघांनी तरी लिहिलेलं असतंच की अमेरिकेत बघा, तिकडे स्थानिक-बिनिक काही भानगड नाही, सगळं मेरिटवर. दर वर्षी हे वाचून मी पान बंद करून कामाला लागायचे. यंदा नाही लागवत, कारण यंदा आमच्या घरात बारावी होती, मुलगी इथल्या सरकारी हायस्कूलमधून पास झाली, आणि शिवाय गेली सहा वर्षं मी इथल्या पब्लिक लायब्ररीत शनिवारी मुलांना कॉलेजचे फॉर्म भरायला मदत करते त्यामुळे हे सगळं दोन्ही बाजूंनी बघितलंय. पत्र लांबलंय, जमलं तर पूर्ण छापा.

पहिली गोष्ट म्हणजे ते वाक्यच चुकीचं आहे. हार्वर्ड, स्टॅनफर्ड ही प्रायव्हेट विद्यापीठं, त्यांचा इथे विषय नाही. पण अमेरिकेत बहुतेक मुलं शिकतात ती राज्याच्या विद्यापीठांत आणि कम्युनिटी कॉलेजांत (दोन वर्षांची स्थानिक सरकारी कॉलेजं, तिथून पुढे विद्यापीठात जाता येतं), आणि राज्याच्या विद्यापीठात स्थानिक मूल कोण, त्याला किती जागा आणि बाहेरच्याला किती, यावर कायदे आहेत, कोर्टकचेऱ्या झाल्यात, आमदारांनी बजेट अडवून धरलंय. नॉर्थ कॅरोलायनात १९८६ मध्ये नियम झाला की पहिल्या वर्षाच्या वर्गात बाहेरच्या राज्यातली मुलं १८ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाहीत. टेक्सासात ऑस्टिनच्या विद्यापीठात दहातली नऊ मुलं टेक्सासचीच घ्यायची असं ठरलेलं आहे. आता याला कोणी "स्थानिक-बिनिक काही नाही" म्हणत असेल तर काय बोलणार.

हे असं का, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. १८६२ साली लिंकनच्या सहीने मॉरिल कायदा झाला, केंद्राने राज्यांना जमीन दिली, ती विकून आलेल्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढा म्हणून सांगितलं, म्हणजे शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या पोराला जवळपास शिकता यावं. कॅलिफोर्नियाचं विद्यापीठ १८६८ चं, त्याच पैशाच्या आधारावर उभं राहिलेलं. मग १९६० साली इथे मास्टर प्लॅन झाला, क्लार्क कर तेव्हा विद्यापीठाचे प्रेसिडेंट होते, आणि त्यात सरळ लिहून टाकलं की राज्यातल्या हायस्कूल पास होणाऱ्या मुलांपैकी वरचा आठवा हिस्सा युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, म्हणजे आम्ही सगळे जिला यूसी म्हणतो तिच्यात, वरचा तिसरा हिस्सा कॅल स्टेटमध्ये, म्हणजे राज्याच्या दुसऱ्या विद्यापीठात, आणि बाकी ज्याला शिकायचंय त्या प्रत्येकासाठी कम्युनिटी कॉलेजचं दार उघडं. ट्यूशन, म्हणजे शिकवण्याची फी, तीही राज्यातल्या मुलाला लावायची नाही असं त्यात होतं, ते पुढे गेलंच. पण मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की जागा किती आहेत ते बघून मुलं गाळायची असं नव्हतं, आधी मुलं किती ते बघायचं आणि तेवढ्या जागा राज्याने उभ्या करायच्या. राज्याने मुलाला दिलेला शब्द होता तो. दहावी-अकरावीत नीट अभ्यास केलास तर तुझी जागा आहे, एवढाच.

तो शब्द कधी मोडला याची एक तारीख नाही सांगता येणार, पण मोठा तडा गेला २००८ च्या मंदीत. राज्याच्या तिजोरीत खडखडाट, विद्यापीठाचं अनुदान कापलं, २०११-१२ च्या एकाच वर्षात ७५ कोटी डॉलर कापले. मग विद्यापीठाने पैसा शोधला तो बाहेरच्या मुलांत. बाहेरच्या राज्यातलं किंवा परदेशातलं मूल राज्यातल्या मुलाच्या ट्यूशनवर आणखी वर्षाला वीस-बावीस हजार डॉलर जास्त भरायचं, आज तर तो जादाचा आकडा तीस हजारांच्याही वर गेलाय. त्या मंदीच्या आधी यूसीच्या पदवीच्या वर्गांत बाहेरची मुलं पाच-सहा टक्के होती, दहा वर्षांत ती सोळा-सतरा टक्क्यांवर गेली, आणि बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो या यूसीच्याच कॅम्पसवर तर वीसच्या वर. म्हणजे चार-पाच मुलांमागे एक.

आता मी हे लिहिताना मला विद्यापीठाची बाजू पण सांगायलाच हवी, कारण ती खोटी नाही. त्यांचं म्हणणं असं की राज्याने पैसे कापले तेव्हा आमच्यापुढे दोनच रस्ते होते, राज्यातल्या मुलांच्या जागा कमी करा नाहीतर बाहेरून पैसे आणा, आम्ही बाहेरून आणले आणि त्याच पैशावर राज्यातल्या मुलांचे वर्ग चालवले, त्यांना स्कॉलरशिप दिल्या. यात तथ्य आहे. ज्या आमदारांनी बजेट कापलं तेच नंतर विद्यापीठावर ओरडले हेही खरंय. पण मग २०१६ च्या मार्चमध्ये राज्याच्या ऑडिटरचा रिपोर्ट आला आणि त्यात जे निघालं ते वाचून मी तरी हादरले होते. आधी नियम असा होता की बाहेरचं मूल घ्यायचं तर ते निदान आत घेतलेल्या मुलांच्या वरच्या अर्ध्यात बसणारं हवं, म्हणजे बाहेरून घेताय तर खरंच हुशार घ्या. २०११ मध्ये तो नियम सैल केला, बाहेरचं मूल राज्यातल्या मुलांच्या तुलनेत बरं ठरलं म्हणजे झालं. आणि त्यानंतरच्या तीन वर्षांत जवळजवळ १६,००० बाहेरची मुलं अशी घेतली की ज्यांचे मार्क आणि टेस्टचे स्कोअर त्याच कॅम्पसवर घेतलेल्या राज्यातल्या मुलांच्या मधल्या आकड्याच्याही खाली होते, आणि एखाद्याच टेस्टमध्ये नाही, सगळ्याच मोजमापांत. विद्यापीठाने हा रिपोर्ट अन्यायकारक आहे म्हणून सांगितलं, पण ज्या घरात त्याच वर्षांत मुलाला नकाराचं ईमेल आलं असेल त्या घरात हे वाचून काय झालं असेल याचा विचार करा. त्या आईबापांनी वीस-वीस वर्षं इथे टॅक्स भरलेला.

एवढा गदारोळ झाला म्हणून २०१७ च्या मे महिन्यात विद्यापीठाच्या रीजेंट्सनी, म्हणजे कारभार बघणाऱ्या मंडळाने, पहिल्यांदा मर्यादा घातली, पाच कॅम्पसवर बाहेरची मुलं जास्तीत जास्त १८ टक्के, आणि जिथे आधीच त्याच्या वर गेलेली होती तिथे आहे तिथेच थांबायचं. आता हे तर उलटंच झालं ना, ज्यांनी जास्त घेतले त्यांना जास्तीची परवानगी. ते दुरुस्त व्हायला २०२१ चं बजेट उजाडलं, तेव्हा आमदारांनी बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो या तिघांना पाच वर्षांत १८ टक्क्यांपर्यंत खाली या असं सांगितलं आणि महत्त्वाचं म्हणजे बुडणारा पैसा राज्य भरून देईल असं कबूल केलं. त्यातून दरवर्षी नऊशेच्या आसपास जागा राज्यातल्या मुलांना मोकळ्या व्हायच्या. नऊशे म्हणजे काय ते लायब्ररीत माझ्यासमोर बसणाऱ्या पोरांना विचारा.

बरं, इथपर्यंत माझ्या ओळखीतले सगळे मराठी लोक माझ्याशी सहमत असतात. बाहेरच्यांना कमी करा, आमच्या मुलांना घ्या, सगळे मान डोलावतात. पुढचं मी बोलले की मात्र मंडळाच्या कार्यक्रमात सुद्धा दोन-चार जणी तोंड फिरवतात, तरी लिहिते.

"आमची मुलं" म्हणजे नक्की कोण? आम्ही बे एरियातले आयटीवाले, घर घेताना आधी शाळेचं रेटिंग बघतो, त्या शाळेच्या हद्दीतलं छोटंसं घर लाखो डॉलर जास्त देऊन घेतो, मग पोराला गणिताचा क्लास, निबंधाचा क्लास, उन्हाळ्यात रिसर्च. आमच्या शाळेत एपीचे, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या अभ्यासक्रमाचे, वीस-बावीस विषय आहेत. आणि इथून तीन तासांवर सेंट्रल व्हॅलीत, म्हणजे शेतीच्या पट्ट्यात, अशा शाळा आहेत जिथे कॅल्क्युलसचा वर्गच भरत नाही कारण शिकवायला माणूस नाही. यूसीला अर्ज करायचा तर पंधरा विषयांची एक ठरलेली यादी पूर्ण करावी लागते, तिला ए-जी म्हणतात, आणि राज्यातली साधारण निम्मीच मुलं ती यादी पूर्ण करून बाहेर पडतात. उरलेल्या निम्म्यांना डोकं नाही असं कोण म्हणेल, त्यातल्या कितीकांना तर अकरावी संपेपर्यंत कोणी सांगितलेलंच नसतं की बाबा तू घेतलेला हा विज्ञानाचा विषय यादीत धरत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी लायब्ररीत एक मुलगा यायचा, त्याचे आईवडील आधी व्हॅलीत शेतावर काम करायचे, मग इकडे आले, वडील गोदामात रात्रपाळीला. चार प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात अर्जात, प्रत्येकी साडेतीनशे शब्द. हा म्हणाला मावशी (मी सगळ्यांना मावशीच म्हणायला लावलंय) माझ्याकडे लिहिण्यासारखं काहीच नाही, मी क्लब नाही केले, मी कुठे व्हॉलंटियर नाही गेलो. मग मी विचारत गेले, तर निघालं काय, सातवीपासून दोन धाकट्या बहिणींना शाळेतून आणणं, जेवायला घालणं, त्यांचा अभ्यास, आजीला डॉक्टरकडे नेऊन तिचं बोलणं स्पॅनिशमधून इंग्लिशमध्ये सांगणं. हे सगळं करून तो त्याच्या शाळेत वरच्या चौदा-पंधरा मुलांत होता. एपी मिळून तीन, कारण शाळेत होतेच पाच. माझ्या मुलीचे आठ झाले होते आणि तिने आयुष्यात स्वतःचा डबा भरलेला नाही, हे मी आई म्हणून लिहितेय.

आता या दोघांना एका पट्टीवर मोजायचं का? कॅलिफोर्नियाने यावर एक उत्तर काढलेलं आहे आणि ते मला पटतं. २००१ पासून इथे नियम आला की प्रत्येक शाळेतली, प्रत्येक म्हणजे अगदी डोंगरातल्या पन्नास पोरांच्या शाळेतली सुद्धा, वरची चार टक्के मुलं यूसीला पात्र. २०१२ पासून ते नऊ टक्के झालं. मुलाला त्याच्याच शाळेतल्या मुलांशी ताडून बघायचं. टेक्सासात तर १९९७ पासूनच हा कायदा आहे, कोर्टाने तिथे वंशाच्या आधारावरची अ‍ॅडमिशन बंद केली तेव्हा दोन्ही पक्षांच्या आमदारांना काहीतरी मार्ग काढायचा होता, त्यातून निघालं की राज्यातल्या कुठल्याही हायस्कूलमधलं वरचं दहा टक्के मूल राज्याच्या विद्यापीठात थेट जाईल. ह्यूस्टनच्या गरीब वस्तीतलं असो नाहीतर पार पश्चिमेकडच्या ओसाड काउंटीतलं, तिथल्या गोऱ्या रँचवाल्यांच्या पोरांना पण त्याचा फायदा झाला. ऑस्टिनला एवढी गर्दी झाली की २००९ मध्ये त्या एका कॅम्पससाठी मर्यादा घालावी लागली आणि दहाचा आकडा तिथे खाली खाली येत आता पाच-सहावर आलाय, तरी तत्त्व टिकून आहे.

आमच्या भागातल्या पालकांचा याच नियमावर राग आहे. त्यांचं म्हणणं, आमच्या शाळेत तिसऱ्या दहा टक्क्यांत असलेलं मूल तिकडच्या शाळेत पहिलं आलं असतं, मग आमच्या मुलांनी चांगल्या शाळेत शिकून गुन्हा केला का? माझी मुलगी तिच्या शाळेच्या वरच्या नऊ टक्क्यांत नव्हती. थोडक्यात हुकली. तिला जे कॅम्पस हवे होते तिथून नकार आले, तीन दिवस ती खोलीबाहेर आली नाही, घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, आणि त्या तीन दिवसांत मला पण हा नियम नकोसा वाटला होता, का नाही वाटणार. शेवटी एका यूसी कॅम्पसवर मिळालं आणि ती जातेय. पण मी शांतपणे विचार केला तेव्हा हेच मनात आलं की चांगल्या शाळेचा जो फायदा होता तो तिला आधीच मिळालाय, चार वर्षं रोज मिळालाय, उत्तम शिक्षक, लॅब, तिच्याएवढीच हुशार मित्रमंडळी. तोच फायदा अ‍ॅडमिशनला परत एकदा मोजून मागायचा म्हणजे एकाच पावतीवर दोनदा पैसे मागण्यासारखं आहे. ज्याला शाळाच तशी मिळाली त्याने मिळालेल्यात सगळ्यात जास्त करून दाखवलं तर त्याला राज्याने अजून काय सिद्ध करायला सांगायचं?

आणि हो, यूसीच्या मर्सेड कॅम्पसबद्दल. नऊ टक्क्यांतलं मूल कुठेच घेतलं नाही तर जिथे जागा आहे तिथे देतात, ती बहुतेक वेळा मर्सेडला असते. आपल्या लोकांत "मर्सेड मिळालं" हे असं सांगतात जसं काही मूल नापास झालं. मर्सेड २००५ मध्ये सुरू झालं, मुद्दाम व्हॅलीच्या दक्षिणेकडच्या भागात काढलं कारण एवढ्या मोठ्या भागात यूसीच नव्हती. तिथली बरीच मुलं घरातली पहिलीच कॉलेजात जाणारी असतात. माझ्या लायब्ररीतल्या दोन मुली तिथे गेल्या आणि फार चांगलं चाललंय त्यांचं. त्या कॅम्पसला नाक मुरडणं मला अजिबात सहन होत नाही.

अजून एक मुद्दा जो मोठ्या नावाच्या कॅम्पसच्या चर्चेत कायम बाजूला पडतो, तो म्हणजे घराजवळच्या कॉलेजचा. कॅल स्टेटचे कॅम्पस राज्यभर आहेत, ते आसपासच्या मुलांसाठीच. मूल घरी राहतं, बसने जातं, संध्याकाळी दुकानात काम करतं, रात्री भावंडांकडे बघतं. त्याला तुम्ही सांगितलं की तू पात्र आहेस पण इथे जागा नाही, तीनशे मैलांवर आहे तिकडे जा, तर ते नाही म्हणण्यासारखंच आहे, कारण तिथे खोलीचं भाडं ट्यूशनपेक्षा जास्त. २००९ मध्ये सॅन डिएगो स्टेटने नेमकं हेच केलं, तोवर आसपासच्या शाळांतल्या मुलाने किमान अट पूर्ण केली की तिथे जागा पक्की असायची, अर्जांचा पूर आला आणि बजेट आटलं तशी ती खात्री काढून घेतली. शहरात फार नाराजी झाली होती. सगळ्या राज्यातून अर्ज घ्या, वरचे वरचे निवडा, कॉलेजचं नाव मोठं होतं, रँकिंग सुधारतं, आणि शेजारच्या रस्त्यावरचं पोर बाहेर. कॅम्पस ज्या गावात आहे तिथल्या लोकांनी ट्रॅफिक सोसायचं, वाढलेली भाडी सोसायची आणि मुलाला मात्र लांब पाठवायचं, हे कुठल्या हिशोबात बसतं?

यातही आता काही बरं घडतंय. रिव्हरसाइड काउंटीत कॅल स्टेटने प्रयोग केला, काउंटीतल्या हायस्कूलमधल्या पात्र मुलांना अर्जाची वाट न बघता सरळ घरी पत्र पाठवलं की तुमची जागा आहे, कुठला कॅम्पस ते सांगा. ज्या मुलांना आपण कॉलेजला जाऊ शकतो हेच माहीत नव्हतं त्यांच्या हातात पत्र. मला हे वाचून रडू आलं होतं, खरंच.

स्थानिक कोण ठरवायचं कशावरून, कागदावरून की शाळेवरून? यावर कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाचा २०१० चा मार्टिनेझ खटला माझ्या मते प्रत्येकाने वाचावा. २००१ च्या एका कायद्याने इथे असं केलं की ज्या मुलाने तीन वर्षं कॅलिफोर्नियाच्या हायस्कूलमध्ये शिकून तिथूनच पदवी घेतलीय त्याच्याकडून बाहेरच्याची जादा फी घ्यायची नाही, मग त्याच्याकडे इमिग्रेशनचे कागद नसले तरी. त्यावर बाहेरच्या राज्यातल्या मुलांनी खटला भरला की आम्ही अमेरिकन नागरिक असून जास्त फी भरतो आणि हे कागद नसलेले कमी, हे कसं? कोर्टाने एकमताने कायदा उचलून धरला, कारण तो राहण्याच्या पत्त्यावर नाही तर शाळेवर आधारलेला आहे, आणि त्याचा फायदा नागरिक असलेल्या मुलांनाही होतो, जी इथे शिकली आणि मग आईवडील दुसऱ्या राज्यात गेले. मला स्थानिक या शब्दाची ही व्याख्या सगळ्यात प्रामाणिक वाटते. आडनाव नाही, भाषा नाही, आजोबा कुठले ते नाही. तू आमच्या शाळेत शिकलास, आमच्या वर्गात बसलास, तू आमचा. माझी मुलगी याच व्याख्येने कॅलिफोर्नियाची आहे, आणि तो शेतमजुराचा मुलगाही.

एक गोष्ट मात्र मला इथली बिलकुल पटत नाही आणि ती म्हणजे अंधार. आपल्याकडे यादी लागते, कटऑफचा आकडा दिसतो, कोणाला किती मार्कांवर मिळालं ते कळतं, तक्रार करायला काहीतरी हातात असतं. इथे मार्चमध्ये एक पान उघडतं आणि त्यावर नाही असं लिहिलेलं असतं, का नाही ते कधीच कळत नाही. सॅट ही प्रवेशाची टेस्ट तर २०२० मध्ये रीजेंट्सनी काढून टाकायचं ठरवलं, ते गरीब मुलांच्या दृष्टीने बरं झालं असं मला वाटतं, पण त्यामुळे माणसाच्या नजरेवर आणखी भार आला. आणि माणसाची नजर कुठे कुठे वळते ते त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ऑडिटरने दाखवून दिलं, चार कॅम्पसवर मिळून ६४ मुलं ओळखीच्या आणि देणगीच्या जोरावर आत घेतलेली, त्यातली काही खेळाडू म्हणून घेतलेली जी खेळतच नव्हती. आकडा लहान आहे हो, पण शनिवारी माझ्यासमोर बसून चार वेळा निबंध खोडून लिहिणाऱ्या पोराला हे सांगताना माझी मान खाली गेली होती. प्रत्येक कॅम्पसने दरवर्षी प्रत्येक हायस्कूलप्रमाणे किती अर्ज, किती घेतले हे तर यूसी देते, तेवढं चांगलंय, पण नकार दिलेल्या राज्यातल्या मुलाला दोन ओळी तरी कारण द्यायला काय हरकत आहे?

आणि सगळ्याच्या मुळाशी जागा. लॉस एंजेलिसच्या कॅम्पसला आता दीड लाखाच्या जवळपास पहिल्या वर्षाचे अर्ज येतात आणि शंभरातले नऊ-दहाच घेतात. १९६५ मध्ये अर्व्हाइन आणि सांताक्रूझ सुरू झाले, त्यानंतर नवीन कॅम्पस निघाला तो थेट २००५ चा मर्सेड. चाळीस वर्षं! तेवढ्या काळात राज्याची लोकसंख्या जवळजवळ दुप्पट झाली. २०२२ मध्ये तर बर्कलीत शेजाऱ्यांनी पर्यावरण कायद्याखाली खटला जिंकून विद्यार्थ्यांची संख्या गोठवायची वेळ आणली होती, तीनेक हजार जागा जाणार होत्या, आमदारांनी घाईघाईने कायदा बदलून ते टाळलं. मुलांना जागा हवी पण माझ्या गल्लीत होस्टेल नको असं म्हणणारे आम्हीच. मग त्याच थोड्या जागांसाठी बे एरियाचा पालक व्हॅलीच्या पालकावर चिडतो, दोघं मिळून परदेशी मुलांवर चिडतात, आणि ज्यांनी गेल्या साठ वर्षांत जागा वाढवायच्या होत्या त्यांना कोणीच काही विचारत नाही.

म्हणून तुमच्या इथल्या वाचकांना, ज्यांची मुलं-नातवंडं कॅलिफोर्नियात शिकतायत त्यांना, एक विनंती. दर मे महिन्याच्या मध्यावर गव्हर्नर सुधारित बजेट मांडतात, त्यात यूसीला किती पैसे आणि किती नवीन जागा ते ठरतं. आपल्या असेंब्ली मेंबरला तेव्हा ईमेल करा, दोन ओळी पुरतात, की १८ टक्क्यांची मर्यादा हलवू नका आणि बुडणारा पैसा राज्याने भरायचं कबूल केलंय तो भरा. रीजेंट्सच्या मीटिंगमध्ये कोणीही नाव नोंदवून बोलू शकतं, मी दोनदा बोलले, मिनिटभरच मिळतं पण ऐकतात. आणि ज्या घरात यंदा नकार आलेत त्यांनी कम्युनिटी कॉलेजला कमी लेखू नका, सहा यूसी कॅम्पस तिथून येणाऱ्या मुलाला ठरलेले मार्क मिळवले तर लेखी खात्री देतात, त्याचा अर्ज सप्टेंबरमध्ये भरायचा असतो आणि महिना संपला की दार बंद होतं. तो बहिणींना सांभाळणारा मुलगा याच रस्त्याने गेला. आता तो यूसीत तिसऱ्या वर्षाला आहे, सिव्हिल इंजिनीअरिंग करतोय, आणि महिन्यातून एखाद्या शनिवारी माझ्या शेजारच्या टेबलावर बसून दुसऱ्यांचे फॉर्म तपासतो.

आपली,
कॅलिफोर्नियातली एक वाचक